काचेच्या खोलीतली तोंडी परीक्षा

“जगात दोनच गोष्टी खोटं बोलत नाहीत, मॅडम,” गुळवणी सर म्हणाले. “एक आमचा हा सेन्सर आणि दुसरा मी.”

असं म्हणून त्यांनी काचेच्या खोलीचं दार ओढून घेतलं. आत आम्ही तिघं. मी, म्हणजे चंद्रकला वाघचौरे, जिची त्या दिवशी पीएचडीची तोंडी परीक्षा होती. माझे गाईड गुळवणी सर. आणि परीक्षा घ्यायला नागपूरहून आलेल्या वऱ्हाडपांडे मॅडम. त्यांनी सकाळी मिरज स्टेशनवर उतरल्यापासून एकदाही ‘छान’ हा शब्द वापरला नव्हता. आमच्याकडचा चहा प्यायल्यावरही नाही.

सेन्सर टेबलावर होता, नखाएवढा. सर पेनाच्या टोकाने तो दाखवत त्याच्यावर चांगले वाकले. “आता मी ही अमोनियाची बाटली उघडणार. नुसतं झाकण सैल करणार. आणि बघा, मीटरचा काटा कसा...”

काटा उडाला. दारावरचा हिरवा दिवा विझला, लाल लागला, आणि कुलूप ‘टक्’ करून बसलं.

मॅडमनी चष्म्यावरून सरांच्या हाताकडे पाहिलं. “फारच हुशार आहे तुमचा सेन्सर. बाटली तर अजून बंदच आहे.”

“तो आधीच ओळखतो,” सर म्हणाले. पण आवाजातला जोर गेला होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण लाल दिवा दिसला की अजून माझी मान आपोआप दाराकडे वळते. सिग्नलला गाडी थांबवली तरी.

सेन्सर म्हणजे काय होतं ते सांगते. कार्बनच्या अतिशय बारीक नळ्या. इतक्या बारीक, की हजारो एकत्र बांधल्या तरी केसाएवढी जाडी व्हायची नाही. त्यांचा पातळ थर काचेच्या तुकड्यावर पसरायचा आणि त्यातून वीज सोडायची. वीज सुरळीत वाहत असते. अमोनियाचा वायू आला, की त्याचे रेणू नळ्यांना जाऊन चिकटतात, वीज अडखळते, आणि काटा वर जातो. इतकं सोपं. अवघड भाग पुढचा. रेणू येऊन बसतो झटकन, पण उठायचं नाव घेत नाही. आणि दुसरं म्हणजे आमच्या नळ्यांना सगळंच कळायचं. कांदा कळायचा, फिनेल कळायचं, कुणाच्या रुमालावरचं अत्तर कळायचं. फक्त नेमकं काय कळलं, ते त्यांना सांगता यायचं नाही.

सरांना मात्र तो सेन्सर शीतगृहांना विकायचा होता. शीतगृहात थंडाव्यासाठी वापरलेला अमोनिया गळला तर तो भाग बंद झाला पाहिजे, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात हवाबंद काचेची खोली उभारली आणि दाराला चुंबकाचं कुलूप लावलं. वायू आला की कुलूप बसणार, वायू गेला की सुटणार. म्हणजे बाहेरची इमारत सुरक्षित.

मी तेव्हाच विचारलं होतं, “सर, पण आत माणूस असला तर?”

“आत माणूस असेलच कशाला?” सर म्हणाले होते.

आता आत तीन माणसं होती.

“घाबरू नका,” सर म्हणाले. “चाळीस सेकंद. चाळीस सेकंदांत काटा आपोआप खाली येतो. आमच्या पेपरात छापलंय. चंद्रकलाच्या प्रबंधातही आहे.”

आम्ही थांबलो. काटा वरच. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या, सर काट्याकडे, आणि मी सरांकडे.

“झाले,” मॅडम म्हणाल्या.

“तुमचं घड्याळ जरा पुढे असेल.”

“सेकंदकाटा पुढे असून काय होते, सर?”

सरांनी सेन्सरला टिचकी मारली. काटा आणखी थोडा वर गेला.

बाहेर माझे सगळे नातेवाईक आले होते. आमच्याकडे पीएचडीची तोंडी परीक्षा म्हणजे जवळजवळ साखरपुडाच असतो. आई, मावशा, शेजारच्या पाटीलकाकू, आणि सगळ्यांच्या पुढे माझे दौलतमामा, फेटा बांधून, हातात झेंडूचा हार घेऊन. काचेतून त्यांना आम्ही स्वच्छ दिसत होतो, आवाज मात्र पलीकडे जात नव्हता. मामांना वाटलं, परीक्षा रंगात आली. त्यांनी अंगठा वर करून दाखवला. आईने काचेला हात लावून लांबूनच माझी दृष्ट काढली.

“फोन करा कोणाला तरी,” मॅडम म्हणाल्या.

“फोन बाहेर आहेत,” मी म्हटलं. “आत फोन असला की रीडिंग हलतं. म्हणून टोपलीत जमा करतो.”

“हे बरं आहे. कांद्यानं हलते, फोननं हलते. न हलण्यासारखं एक दारच आहे.”

मला एकदम आठवलं. “सर, मेन स्विच! लाईट घालवली तर कुलूप सुटेल.”

सरांनी हात वर केला. पण मी तोवर काचेशी गेले होते. बाहेर आमचा प्रयोगशाळेचा शिपाई तातोबा उभा होता. मी भिंतीवरच्या स्विचकडे बोट दाखवलं आणि हात वरून खाली ओढला. पाडा, पाडा. तातोबाने मान डोलावली, मागे वळला, आणि हात वरून खाली ओढत सगळ्या नातेवाइकांना बाकांवर बसवलं. लोक शहाण्यासारखे बसले. तातोबा माझ्याकडे बघून हसला. झालं का मनासारखं?

मी पुन्हा खूण केली. मग सरांनी केली. मग मॅडमनी आपली पर्स बटण दाबल्यासारखी वरखाली केली. शेवटी तातोबाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने मेन स्विच पाडला. आमच्या डोक्यावरचा दिवा गेला. पंखा थांबला. हवा बाहेर टाकणारा छोटा पंखाही थांबला. लाल दिवा तेवढा तसाच चालू राहिला.

“कुलुपाला आणि सेन्सरला बॅटरी आहे,” सर हळूच म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. “बघितलंत मॅडम? लाईट गेली तरी सुटत नाही.”

“बघून राहिले ना मी,” मॅडम म्हणाल्या. “ही हवा किती वेळ पुरेल आपल्याला?”

“तसं... मोजलेलं नाही.”

“का?”

“आत माणूस असेल असं गृहीत धरलं नव्हतं.”

मे महिना होता. उन्हं खिडकीतून थेट काचेवर येत होती. माझी नवी इरकल पाठीला चिकटली. आत एकच खुर्ची होती, ती मॅडमना दिली. मी उभी, सर उभे, आणि बाहेर बाकांवर रांगेत बसलेली माझी माणसं आमच्याकडे अशी बघत होती, जसे लोक मत्स्यालयात बघतात. पाटीलकाकूंनी चिवड्याची पिशवीही फोडली होती.

मॅडमनी पर्समधून माझा प्रबंध काढला. त्यात जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या डोकावत होत्या. “दार उघडून नाही राहिलं, तर आपण परीक्षाच घेऊन टाकू. सांग बेटा. काटा वर गेला. का गेला?”

“कशाचे तरी रेणू नळ्यांना चिकटले.”

“कशाचे?”

“अमोनियाचेच असावेत. इतक्या झटकन इतका वर दुसऱ्या कशाने जात नाही.”

“मग कुठून आला अमोनिया? बाटली तर बंद आहे.” मॅडम खुर्चीतून उठल्या. त्यांनी टेबलाजवळ हुंगलं. माझ्याजवळ हुंगलं. मग सरांजवळ गेल्या आणि तिथेच थांबल्या. “सर, मिशी केव्हा रंगवली?”

सरांचा हात मिशीवर गेला. “आज सकाळी. तुम्ही येणार म्हणून.”

“डोकंही?”

“डोकंही.”

“आणि तेच डोकं घेऊन तुम्ही वाकले त्याच्यावर.” मॅडम पुन्हा बसल्या. “केसांच्या रंगात अमोनिया असते. सेन्सर खरंच गुणी आहे तुमचा. आता पुढचा प्रश्न, बेटा. सर आता वाकून नाही राहिले, कोपऱ्यात उभे आहेत. मग काटा खाली का येत नाही?”

हा तो प्रश्न. सहा वर्षं मला माहीत होतं, की कोणीतरी कधीतरी हा विचारणार.

आमच्या प्रयोगशाळेत एक गुलाबी हेअर ड्रायर होता. माझ्या आधीची विद्यार्थिनी जाताना ठेवून गेली होती. प्रत्येक रीडिंग झालं, की त्याची गरम हवा सेन्सरवर मारायची. उष्णता लागली की चिकटलेले रेणू सुटतात, काटा धाडकन खाली येतो, मग पुढचं रीडिंग. सगळे असंच करायचे. सकाळी आल्याबरोबर एकमेकींना विचारायचो, “सेन्सरचे केस वाळवले का गं?” त्याशिवाय तो दुसऱ्या दिवसापर्यंत खाली यायचा नाही.

हे सगळं मी प्रबंधात लिहिलं होतं. चौथ्या प्रकरणात दीड पान. सरांनी त्यावर आडवी रेघ मारली. “ड्रायर? हा प्रबंध आहे की ब्यूटी पार्लर?” मी म्हटलं, सर, पण खरं तेच आहे. सर म्हणाले, “माझ्या पेपरात आपोआप म्हटलंय. शिष्येच्या प्रबंधात ड्रायर आला, तर गुरूच्या पेपराचं काय? काढ, नाहीतर मी पुढे पाठवत नाही.” त्यांच्या सहीशिवाय प्रबंध पुढे जातच नाही. दीड पान गेलं.

आता मी सरांकडे पाहिलं. कपाळावरून घामाचा एक काळा ओघळ भुवईपर्यंत आला होता.

“चंद्रकला,” ते म्हणाले, “विचार करून बोल. सोमवारी तुझी कॉलेजातली मुलाखत आहे.”

ती तर होतीच. पक्की नोकरी, आणि अट एकच, हातात पीएचडी पाहिजे. मॅडम नाराज झाल्या तर पदवी गेली. सर नाराज झाले तर परीक्षेच्या अहवालावरची त्यांची सही गेली, म्हणजे पदवी गेलीच. मी दोघांच्या मध्ये उभी होते, आणि दार बंद होतं.

“येईल की खाली,” मी म्हटलं. “जरा वेळ लागतो कधीकधी.”

“किती वेळ?”

“थोडा.”

मॅडमनी प्रबंध उघडला आणि एका आलेखावर बोट ठेवलं. “हे बघ. काटा वर कसा जातो? झटकन, पण वर पोचता पोचता वळण घेत. बरोबर आहे. आणि खाली कसा येतो? कड्यावरून उडी मारल्यासारखा. जी गोष्ट आपल्या मनानं उतरते ना बेटा, ती रेंगाळत उतरते. असा कडेलोट कोणी ढकलल्याशिवाय होत नाही. मी ही गोष्ट नागपूरलाच बघितली. प्रबंध नापास करून घरबसल्या परत पाठवू शकत होते. पण म्हटलं, पोरीला समोरासमोर विचारू. कोण ढकलून राहिलं याला?”

बाहेर मामा उठून उभे राहिले होते. माझा चेहरा बघून त्यांच्या हातातला हार खाली आला होता.

“ड्रायर,” मी म्हटलं.

“काय?”

“हेअर ड्रायर, मॅडम. गुलाबी आहे. बाहेर डाव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये. प्रत्येक रीडिंगनंतर गरम हवा मारतो. नाही मारली तर हा उद्यापर्यंत असाच राहील, आणि आपणही.”

सर काचेकडे तोंड करून उभे राहिले, पण तिथे माझी आई होती, म्हणून पुन्हा आत वळले.

“असं लिहिलं का नाही?” मॅडमनी मला विचारलं. बघत मात्र सरांकडे होत्या.

मी गप्प राहिले. तेवढं मला जमलं.

“सेन्सर तर खरं बोलला, सर,” मॅडम म्हणाल्या. “आता दुसऱ्याचा नंबर.”

“उन्हाळ्यात येतो की चाळीस सेकंदांत,” सर म्हणाले.

“आता मे आहे.”

“म्हणजे... एकदा आला होता.” सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. रुमाल काळा झाला. त्यांनी तो बघितला, घडी करून खिशात घातला आणि मोठा श्वास घेतला. आतल्या हवेत तो त्यांना चांगलाच महाग पडला असणार. “तिने लिहिलं होतं. मीच काढायला लावलं. दीड पान होतं. चांगलं लिहिलं होतं.”

सहा वर्षांत सरांनी माझ्या कुठल्याही लिखाणाला चांगलं म्हणायची ती पहिलीच वेळ होती. असल्या जागी म्हणतील असं वाटलं नव्हतं.

“ते पान परत जागेवर आलं पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “आणि तुमच्या पेपराची दुरुस्ती तुम्ही स्वतः पाठवायची. कबूल?”

“कबूल.”

“मग पास. बाहेर गेलो की जाहीर करते.” त्या माझ्याकडे वळल्या. “छान लिहिलं असशील. वाचायला आवडेल मला.”

मला रडू आलं. बाहेर ते बघून आईही रडायला लागली, आणि पाटीलकाकूंनी चिवड्याची पिशवी बाजूला ठेवली.

“आता बाहेर कसं जायचं?” सर म्हणाले. “ड्रायर तर तिकडे आहे.”

मॅडमनी पर्समध्ये हात घातला आणि एक जाड निळा पट्टा बाहेर काढला. वायर होती, पिन होती. “गुडघ्यांना शेकायचा. गाडीत बसून बसून पाय धरतात माझे. तुमच्या त्या कुलपाच्या बॅटरीवर कुठे लावायला जागा आहे का?”

जागा होती. टेबलाखालीच. सरांनी स्वतः वाकून पिन लावली. मी पट्टा सेन्सरभोवती बाळंतिणीच्या पोटाला बांधावा तसा गुंडाळला. पट्टा तापायला लागला. काटा थरथरला, जरासा खाली आला, आणि पुन्हा वर गेला.

“असं कसं?” मी म्हटलं.

“डोकं,” मॅडम म्हणाल्या. “इकडून सोडवून राहिलो, तिकडून नवीन येऊन बसून राहिला. पंखाही बंद आहे. झाका ते.”

झाकायला काही नव्हतं. माझा पदर सेन्सरपर्यंत पुरला असता, सरांपर्यंत नेणं बरं दिसलं नसतं. शेवटी मॅडमनी कोपऱ्यातल्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून घातलेलं प्लॅस्टिकचं आवरण काढलं आणि सरांना म्हणाल्या, “बसा खाली.”

सर फरशीवर बसले. मॅडमनी ते आवरण त्यांच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढलं आणि मागून गच्च गाठ मारली. मिशीवर टेबलावरची चिकटपट्टी लावली. “हलू नका,” त्या म्हणाल्या. “श्वास घ्या, पण बेताचा.”

सरांनी डोळे मिटून घेतले.

आता हे सगळं बाहेरून कसं दिसत असेल, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नाही. मी काट्याकडे बघत होते. काटा उतरत होता. खरंच उतरत होता. निम्मा आला. निम्म्याच्या खाली आला. मी मॅडमचा हात धरला, मॅडमनी माझा धरला.

तेवढ्यात काचेवर थाप बसली. दौलतमामा होते. ते डोळे फाडून सरांकडे बघत होते. सर जमिनीवर, डोळे मिटलेले, डोक्याला प्लॅस्टिक, तोंडावर पट्टी. शेजारी मी रडलेली. मामांनी हार तातोबाच्या गळ्यात टाकला आणि भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं उचललं.

“नको!” मी ओरडले. ऐकू कुणाला जातंय? मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. थांबा, मामा, थांबा, येतोय आम्ही. मामांनी मान डोलावली. आलोच पोरी, असं म्हणाले असावेत. ओठ तसेच हलले.

“किती राहिलं?” मॅडमनी विचारलं.

“मीटरवरचं एकच घर, मॅडम. एकच घर.”

मॅडमनी मला मागे ओढलं. सरांनी डोळे उघडले, समोर बघितलं आणि परत मिटून घेतले.

मामांनी नळकांडं मारलं. दाराची काच वरपासून खालपर्यंत चुरा होऊन पडली. मग काटा शून्यावर आला, लाल दिवा विझला, हिरवा लागला, कुलूप ‘टक्’ करून सुटलं आणि दाराची रिकामी चौकट सावकाश उघडली.